हळदीचं गाणं

बेंबळी,
४ डिसेंबर

चि. कृष्णराज यास,

मामाचे आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. तुझ्या बहिणीच्या लग्नाचा मांडव ठरला, आचारी ठरला, हर्षालीचं रुसणंही रीतसर सुरू झालं. फोनच केला असता, पण आक्का, म्हणजे तुझी आई, सारखी जवळपास असते.

तुझी मालिका रोज बघतो. तुझी ती मोलकरीण बोलते झकास. 'लई' आणि 'न्हाय' जागच्या जागी. जन्मभर संस्कृत शिकवलं, त्यामुळं परंपरा ओळखीची वाटली. जुन्या नाटकांतही राजा संस्कृत बोलायचा आणि दासी प्राकृत. तू फक्त मध्ये साबणाची जाहिरात घातलीस.

आधी आक्का शेजारणींना बोलावून दाखवायची, "बगा, माज्या लेकानं लिवलंय!"

मग पुण्याहून व्याही बोलणीला आले. आक्का नेहमीसारखी म्हणाली, "च्या घ्या की, लई लांबून आलाव." विहीणबाईंनी टाळी वाजवली, "अय्या, अगदी त्या मालिकेतल्या मोलकरणीसारखं!" सगळे हसले. आक्काही हसली.

आता ती फोनवर तुला "हो. जेवले. बरी आहे" एवढंच म्हणते ना? ते रागानं नव्हे. मला म्हणाली, "बापू, जास्ती बोलले तर ते लिवून ठिवल."

हे लिहिताना सारखा उठून स्वयंपाकघरात डोकावतोय. ती मुकाट्यानं भांडी घासतेय. मुकाट्यानं काही करताना तिला मी पहिल्यांदाच बघतोय.

शनिवारी हळद. गावातल्या निम्म्या पोरींना हळद लागली ती आक्काच्या गाण्यावर, आणि पोटच्या पोरीच्या वेळी म्हणते, "दुसरं कुणीबी म्हणंल." हर्षालीचं उत्तर तयार, "आय गाणार नसंल तर म्या पाटावर बसत न्हाय." माझं दोघीही ऐकत नाहीत.

एक विचारतो. आईची बोली इतकी अचूक लिहितोस, मग घरी फोन केलास की पुण्याचं का बोलतोस रे?

शनिवारी ये. उष्टी हळद घेऊन विहीणबाई आलेल्या असतील. त्यांच्या देखत, मोठ्यानं म्हण, "आये, गाणं म्हण की." लोक हसतील. हसू देत, या खेपेला तुला हसतील.

तू येशील असं मी तिला सांगितलेलं नाही. नाहीच आलास, तर कामात अडकला म्हणेन. लाजला, असं माझ्या तोंडून निघायचं नाही.

दाराकडं बघत,
बापूमामा