सटवाच्या चुलीचा विस्तव

आत्याबाई,

ओळखलंत का? तुमची सून, यमुना. नाव सांगितलेलं बरं. मिसरीची डबी स्वतःच्या कमरेला खोचलेली असायची आणि तुम्ही ती आमच्याकडून घरभर शोधून घ्यायच्या. एवढ्या लांब गेल्यावर सासूच्या ध्यानात सून राहिली असेल, याचा काय भरवसा? माझ्या लेकाची पोर, चंद्रकला, लिहून राहिली आहे. माझं बोलणं ती शाळेतल्यासारखं सरळ करते. करू द्या, आपल्याला कुठं वाचता येतं?

पत्र आताच काहून? काल सटवा आला होता. संगं एक माणूस, शिक्षा सरायच्या आत सोडलेला. राज्य बदललं, अट तीच राहिली. गावात राहायचं ठिकाण दाखव, नाहीतर परत आत. त्या माणसाच्या भावानं दार लावून घेतलं म्हणे. सटवानं आपली गल्लीच्या टोकाची हळदीची खोली मागितली. माझा लेक म्हणतो, "आई, औंदाची हळद मग डोक्यावर ठेवू का?" मी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आधी तुमच्याशी बोलावं म्हटलं.

सटवा स्वतः सुटून आला होता तो दिवस तरी आठवतो? बांधाच्या भांडणात त्यानं चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. भाऊ मेला, हा तुरुंगात गेला. याच अटीवर शिक्षेआधी सुटला तेव्हा भावकीत कोणी उंबऱ्याला पाय लावू देईना. वेशीपाशी गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. जवळा गावच्या बाजारातून येताना तुम्हाला दिसला. तुम्ही ना लेकाला विचारलं, ना पाटलाला. "ऊठ," म्हणालात, "हळदीची खोली रिकामी हाये."

मी घाईनं ताट वाढलं, तर तुम्ही माझा हात धरला. "शिजवलेलं नको. शिजवलेलं दिलं की माणूस पाहुणा होतो. कोरडं दिलं की घरवाला."

मग पीठ दिलंत, मीठ दिलंत, आणि आपल्या चुलीतला विस्तव खापरावर घेऊन निघालात. वार मंगळवार. मंगळवारी विस्तव घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा नेम तुमचाच. मी म्हटलं, "आत्याबाई, आज मंगळवार हाय."

"देव मला पुसंल, तुला न्हाई. सरक."

त्या खोलीच्या भिंतीसुद्धा पिवळ्या. सकाळी सटवा बाहेर आला तो कानापर्यंत पिवळा. तुम्ही विचारलंत, "तुरुंगातून सुटला का बोहल्यावरून उतरला रे?" तेव्हा तो पहिल्यांदा हसला. तुमची जीभ मला कायम टोचायची, पण त्या दिवशी ती औषधाला लागली.

गाव मात्र हसलं नाही. बाया आपल्याकडून विस्तव नेईनात. पोलीस पाटील येऊन म्हणाले, "म्हातारे, गावात त्याच्याशी कोणाचं देणं-घेणं न्हाई. तो इथं राहतो असं मी वर कसं कळवू? पावसाची झड उघडली की पोलिसांचे जवान येतील न्यायला." तुम्ही त्यांना चहा दिलात. सटवा बिचारा चूल विझू देत नव्हता. धूर दिसला तर माणूस दिसेल, असं त्याला वाटायचं.

श्रावणाची ती झड कशी विसरेन? लाकडं ओली, काडेपेट्या सादळलेल्या, घरोघरच्या चुली थंड. सटवाची सोडली तर आपली तेवढी जिवंत होती, कारण रात्री राख ओढून मीच झाकली होती. पहाटे मी जात्यावर बसले होते. तुम्ही आलात, इकडंतिकडं पाहिलंत, आणि तांब्याभर पाणी चुलीत ओतलंत.

मग कपाळाला हात. "अगं यमुने, विस्तव झाकायचा विसरलेच की मी!"

डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, खापर घेतलं आणि भर गल्लीतून चालत गेलात. दारादारात बाया उभ्या. सटवाच्या दारात तुम्ही पदर सावरला आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालात, "सटवा, माझी चूल विझली रे. विस्तव दे बाबा."

आत्याबाई, जात्याचा खुंटा हातात घेऊनच मी दारात आले होते. ज्या बाईनं उभ्या जन्मात कोणाच्या दारी काही मागितलं नाही, ती मागत होती, आणि ज्याच्याकडून कोणी घेईना त्याच्याकडून. त्या पोरानं निखारा खापरावर ठेवायला घेतला, तो दोनदा खाली पडला.

मग शेजारीण आली. तिच्यामागं दुसरी. दुपारपर्यंत पाटलाच्या घरची चूलही त्याच विस्तवावर पेटली, मग पाटील काय बोलणार? जवान आले ते नुसतं पाहून गेले.

मेलेल्याची आई तेवढी आली नाही. ती कधीच आली नाही. त्यावरून कोणी तिला बोललं की तुम्ही उठून जायच्या.

राग एकाच गोष्टीचा आहे. शेवटच्या दुखण्यात मी रोज पाय चेपत होते. "मी मुद्दाम विझवली होती" एवढं मला सांगितलं काहून नाही? का मी जात्यावर बसलेली तुम्हाला दिसले होते? सटवाला अजून ठाऊक नाही. तो अजूनही म्हणतो, "आजी विसरभोळी होती म्हणून मी वाचलो." मी नुसती मान हलवते.

तर ऐका. खोली मी दिली. लेकाची हळद माझ्या खाटेखाली राहील, माझा खोकला ती ऐकेल. मी जिती आहे तोवर त्या खोलीला कुलूप लागणार नाही, हा शब्द. आणि गावानं पुन्हा तोंड फिरवलं, तर एक दिवस माझीही चूल विझेल. मलाही आता फार विसरायला होतं.

तुमच्या वळणावर गेलेली सून,
यमुना (हा माझा अंगठा)

चंद्रकले, दौत झाक आणि ऊठ. त्या माणसाला ज्वारीचं पीठ, मीठ, मिरच्या अन् वाटीभर तेल पाठव. भाकर पाठवू नको.