सुजाताबाईचे पापड

खुर्सीपार, भिलाई
८ जुलै २०२४

चि. संघमित्रास आजीचा जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

इकडे सारं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण ठीक काही नाही. मी सांगून राहिली, तुही मथुराकाकू लिहून राहिली. शिव्या ती गाळते. त्या तू मनानं भरून घे.

देवानंदकाकाच्या टीबीच्या गोळ्या प्रायव्हेट दवाखान्याची सुजाताबाई घरी आणून देत होती. पिशवीत वर पापड, खाली गोळ्या. मोहल्ल्याले वाटे, बुढीले पापडाचं वेड लागलं. आता तिचं येणं बंद, तिच्या जागी फोन. काका प्लांटात चार माणसांत डबा खात होता, त्यानं फोन स्पीकरवर टाकला, अन् तिकडून दवाखान्याच्या पोरीनं विचारलं, टीबीची गोळी घेतली का म्हणून. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याले गेटवरूनच वापस केलं. आता तो रुसून गोळ्याच घेत नाही.

सुजाताबाई रडत सांगून गेली, सरकार अन् प्रायव्हेट दवाखान्याच्या भागीदारीचा खर्च रायपूरच्या कोण्या मॅडमनं काढला, त्यात तिचं येणं महाग निघालं. ते मॅडम तूच न बाई?

लोभ आहेच, पण राग त्याच्यावर बसला आहे.
गिरजाबाई

रायपूर
१३ जुलै

ती. आजीस संघमित्राचा सविनय जयभीम.

मॅडम मीच. घरोघरी फिरणाऱ्या बाईपेक्षा फोन स्वस्त पडला. गोळी घरचं माणूस देईल असं धरलं आणि त्या माणसापुढे खर्च शून्य लिहिला. सगळे तसंच लिहितात. काकाला म्हणावं, गोळ्या सोडू नकोस, आजार उलटतो. शेवटचा अहवाल अजून जायचा आहे.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी संघमित्रा

खुर्सीपार
१९ जुलै

चि. संघमित्रास जयभीम. आशीर्वाद या खेपेले अर्धाच.

काका गोळी घेते. मी त्याच्यापुढं खाट टाकून बसते. तोंड उघडून दाखवल्याबिगर चहा नाही. परवा एवढ्या मोठ्या बाप्यानं गोळी गालात लपवली! त्याच्यापायी माह्या भाजीच्या ठेल्याचं सकाळचं गिऱ्हाईक गेलं. ठेकेदारानं त्याले अजून कामावर घेतलं नाही. या खेपेले शिवी मथुरानं सुचवली, मी गाळली.

मले अक्षर येत नाही, पण शून्य ओळखते. गोल असते, आत काही नसते. मी तशी दिसते काय तुले? ते खोड. सुजाताबाईचं येणं परत लिही. मंग उरलेला आशीर्वाद घ्यायले ये.

घरातले पापड संपले.
गिरजाबाई