तो कुठल्या बाकावर बसला होता

सांता क्लारा,
शुक्रवार, ११ मार्च २०१६

आदरणीय फुंदोरा सर,

सविनय नमस्कार. गुडघा कसा आहे? आईने दिलेलं तेल लावत असाल अशी आशा करतो. आशाच, कारण औषधाच्या बाबतीत तुम्ही कोणाचं ऐकत नाही. इथे वसतिगृहात सगळं नेहमीचंच. पाणी एक दिवसाआड, वाटाण्याचं पातळ कालवण रोज. खोलीतला पंखा मेला, तर माझ्या दोस्ताने त्याला जुन्या धुलाईयंत्राची मोटर बसवली. आता असा वारा सुटतो की वह्या उडून खिडकीबाहेर जातात. गणिताच्या पेपरात मला पाचापैकी पाच मिळाले, ते तुमच्यामुळे. हे खरं आहे म्हणून लिहिलं, पण लिहिल्यावर माझी मलाच लाज वाटली.

तुम्ही मला एक काम सांगितलं होतं. उद्या त्याला तीन आठवडे होतील.

त्या शनिवारी मी गावी आलो होतो आणि तुम्ही मला दारातून हाक मारून आत बोलावलंत. कुठे जायचं नव्हतं तरी अंगात इस्त्रीचा सदरा होता. कॉफी ठेवलीत. मग लॉगॅरिदमच्या पुस्तकातून घडी घातलेला एक छापील कागद काढलात. कोणीतरी तो तुमच्या दाराखालून सरकवला होता.

"रोहास, तू कंप्यूटरवाला माणूस. हे लिहिणारा कोण ते शोधून काढ."

"काय करणार सर त्याला?"

"काही नाही. फक्त विचारायचं आहे, तो कुठल्या बाकावर बसला होता. मी आजूबाजूला नीट पाहून घेतलं होतं. आसपास कोणी नव्हतं."

मी म्हणालो, "शोधतो सर." आणि कॉफी प्यालो. वर दुसरा कपही मागून घेतला.

तर आता त्याच्याविषयी कळलं ते सांगतो. तुम्ही एवेलियोचं गाठोडं कधी घेतलं नाहीत, म्हणून जरा सविस्तर. एवेलियो दर सोमवारी हार्ड डिस्क घेऊन घरोघर फिरतो. त्यात आठवडाभराच्या मालिका, सिनेमे, गाणी, विकायला काढलेल्या जुन्या फ्रिजच्या जाहिराती. लोक आपापल्या कंप्यूटरवर उतरवून घेतात. घरात नेट नसलेल्या आपल्या गावाचं घरबसल्या नेट ते एवढंच. त्याच गाठोड्यात 'जागल्या' नावाचं एक पान असतं. लिहिणारा नाव लावत नाही. जगातल्या बड्या कंप्यूटर कंपन्यांवर त्याची मतं असतात, आणि मतं म्हणजे काय, नुसता तोफखाना! कोणती कंपनी कोणाला गिळते, कोण चाळीस पानी करार पुढे करून 'मान्य' वर बोट ठेवायला लावतं, कोणाचा फोन खिशात बसून कान टवकारतो. शिवाय नेटवर गाजलेल्या बातम्या. कुठल्याशा देशात नवरी लग्नाच्या दिवशी तळ्यात पडली, ते कोट्यवधी लोकांनी पाहिलं आणि पोट धरून हसले. त्या नवरीला कोणी विचारलं का, असं हा खडसावून विचारायचा.

गावाला ते आवडायचं. पावाच्या रांगेत बायका एकमेकींना म्हणायच्या, "या वेळचा जागल्या वाचलास का? काय लिहितो मेला!" तो मेला रांगेत मागेच उभा राहून ऐकायचा आणि पाव न घेताच पोट भरल्यासारखा घरी जायचा. आणि हा शहाणा आयुष्यात एकूण किती तास नेटवर बसला होता, ठाऊक आहे? अकरा. बाकी सगळी विद्वत्ता विद्यापीठात कोणीतरी उतरवून ठेवलेली पानं वाचून आलेली.

मग एकदा एवेलियो त्याला म्हणाला, "पोरा, कंपन्यांचं पुराण पुरे आता. मालिका लावायच्या आधी बायका तुझं पान उघडतात. त्यांना जरा रडव, जरा हसव. आपल्या गावातलं काहीतरी घाल." आणि त्याने घातलं.

सर, हे 'तो, तो' मी आणखी किती वेळ चालवू? दोन पानं झाली आणि मी अजून दुसऱ्याच्या पाठीमागे लपतोय. जागल्या मी आहे. तुमच्याकडे बसून कॉफी प्यायला तोही मीच.

लिहिलं एकदाचं. अक्षराला हसू नका.

तुम्ही मला विश्वासाने नेलं होतं. दायमीताईने परदेशातून, टॅम्पाहून, कोणाच्या तरी हाती फोन पाठवला, तो तुम्ही महिनाभर रुमालात गुंडाळून ठेवलात आणि मग माझ्या घरी आलात. "रोहास, मला हे जमत नाही. तू शेजारी बस." गावात खरं नेट पकडतं ते पार्कातच, म्हणून तिथल्या लॉरेलच्या झाडाखालच्या बाकावर आपण बसलो. मी नेटचं कार्ड खरवडून त्यावरचे आकडे भरले, फोन धरला. ताईचा चेहरा आला, थिजला, पुन्हा हलला. सात वर्षांनी! ती देश सोडून गेली तेव्हा शिक्षकांच्या सभेत उभं राहून "मला मुलगी नाही" म्हणणारे तुम्ही, आणि तुमच्या तोंडून शब्द फुटेना. तिची छोटी लिया तुमच्याकडे बघायलाच तयार नव्हती. तर ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा वर्ग गार पडायचा, ते तुम्ही भर पार्कात कोंबड्यासारखं आरवलात. पोर खदखदून हसली. मीसुद्धा हसलो, पण तेव्हा ते चांगलं हसू होतं, सर. तेवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवा.

मग लिया खेळायला पळाली आणि तुम्ही ताईला ते सांगितलंत. एल्साबाई वारल्या तेव्हा आई गेल्याचं तिला कळवायला तुम्ही तीन आठवडे लावलेत. रागाने नव्हे, लाजेने. मुलगी नाही म्हणून जगाला सांगून बसलेला माणूस त्याच मुलीला फोन कोणत्या तोंडाने करणार? तुम्ही रडलात. मी फोन धरून होतो, मान दुसरीकडे वळवली होती. कान वळवता येत नाहीत. पण मी ते मिटूनही घेतले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मी 'फुकटात ऐका' हे पान लिहिलं. माझा मुद्दा बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. त्यानेच तर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी लिहिलं, परदेशातल्या कंपन्या माणसांचं खासगी बोलणं चोरून ऐकतात आणि त्यावर पैसा करतात, हा दरोडा आहे. आणि मग ऐटीत पुढे लिहिलं की आपल्याकडे एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरजच काय, आपल्या पार्कात बाकावर बसा, सगळं फुकटात ऐकू येतं. उदाहरण म्हणून तुम्हाला घातलं. आरवणं घातलं, एल्साबाई घातल्या, तीन आठवडे घातले, रडणंसुद्धा. दुसऱ्याचं खासगी चोरू नका हे पटवायला मी तुमचं चोरलं. लिहिताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की हे ध्यानातच आलं नाही.

नाव घातलं नाही. टोपीच्या जागी हॅट लिहिली. म्हटलं, झाली ओळख पुसून. अहो, आपल्या गावात नातीसाठी आरवणारे निवृत्त शिक्षक कितीसे असणार?

पुढचं तुम्ही भोगलंत, मी फक्त पाहिलं. पोरं तुमच्या मागे "कुकूऽऽच कू" करत जायची. अंपारोमावशी इतकी वर्षं समजून होत्या की बहीण गेली तरी भाचीने साधी चौकशी केली नाही. त्यांना खरं काय ते माझ्या पानातून कळलं, तुमच्याकडून नाही. आता त्या दर रविवारी धाडायच्या ती तांदळाची खीर बंद, आणि तुमच्या दारावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातात. तुम्ही फोन माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "घेऊन जा. मला आता त्या पार्कात जायचं नाही." मी तो घेतला! तेव्हा तरी तोंड उघडायला नको होतं? खिशात घातला आणि चालता झालो.

गेल्या शनिवारपासून मी घरोघर हिंडून ते पान पुसायला लागलो. मोठमोठ्या कंपन्यांना मी तावातावाने बजावायचो की माणसाला स्वतःचं पुसून घ्यायचा हक्क हवा. आता कळलं, पुसणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहून काकुळतीला येणं. कोणी म्हणालं, "अरे, मी तर ते कामाग्वेच्या मेव्हण्याला दिलं." कोणी म्हणालं, "कंप्यूटरला हात लावू नकोस, माझी मालिका जाईल." काल तास बुडवून, घरी न कळवता पुन्हा गावी आलो, तेव्हा निएवेसबाईंनी दारातच अडवलं.

"पुसायचं कशाला? मी तर वाचून रडले. इतकं छान लिहिलंय त्याने."

"छान नाहीये ते, बाई."

"तू कोण रे ठरवणारा? तुझ्या बापाचं आहे का?"

"माझंच आहे. मीच लिहिलंय."

 त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्या घरची कॉफीही पितोस?" त्यांनी स्वतः ती फाइल काढून टाकली आणि दार लावून घेतलं. निएवेसबाईंना कळलं म्हणजे उद्यापर्यंत तुमच्या कानावर येणारच. निदान त्याआधी माझ्या हातचं तुम्हाला मिळावं म्हणून हे घाईने लिहितोय. आई धुतलेले कपडे घेऊन आली आहे, खाली थांबली आहे, तिच्याच हाती देतो. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिच्यावर रागावू नका.

अजून एक राहिलं, आणि ते त्या पानाहून वाईट आहे. फोन माझ्यापाशी असल्यामुळे दर रविवारी चार वाजता ताई त्याच्यावर फोन करते. इथल्या पार्कात मी तो उचलतो. पहिल्या रविवारी म्हणालो, सरांना सर्दी झाली आहे. दुसऱ्या रविवारी म्हणालो, खोकला आहे. गेल्या रविवारी ती म्हणाली, "ओस्मेल, खरं सांग. बाबांनी मला पुन्हा टाकलं का? मला माफ केलं असं वाटलं होतं." मी म्हणालो, "छे छे ताई, खोकलाच आहे." ती फोन ठेवणार तेवढ्यात लियाने मध्येच तोंड घातलं. तिने एक चित्र काढलंय, चष्मा लावलेला कोंबडा. "आजोबा कधी आरवणार?" म्हणून विचारत होती. गाव ज्या आरवण्याला हसलं त्याचीच ती पोर तीन रविवार वाट बघते आहे, आणि तुम्ही तिकडे समजत असाल की त्यांच्याकडून काहीच आलं नाही. हे मी तुमच्यापासून दडवलं. सांगितलं असतं तर तुम्ही पार्कात गेला असता, कोणीतरी काहीतरी बोललं असतं आणि माझं बिंग फुटलं असतं. एवढंच त्याचं कारण, दुसरं काही नाही.

सर, सातवीत फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास कोणीतरी मोडला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, "मी दहा मिनिटं बाहेर उभा आहे. ज्याने मोडला त्याने टेबलावर चिठ्ठी ठेवावी. खाली नाव हवं." चिठ्ठी मी ठेवली होती. त्या शनिवारी कॉफी ओतल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि किती तरी वेळ बाहेर आला नाहीत. साखर तर टेबलावरच होती. तेव्हा मला वाटलं, म्हातारपण, विसरले असतील. त्या दिवसापासून तेच डोक्यात घोळतंय. बाकावर आपण दोघंच होतो आणि तुमचा हिशेब कधी चुकत नाही. त्या शनिवारीही तुम्ही चिठ्ठीसाठी बाहेर उभे होतात. मी मात्र आत बसून दुसरा कप प्यायलो.

सोमवारच्या गाठोड्यात जागल्याचं शेवटचं पान जाईल. त्यात माझं पूर्ण नाव आहे, आणि ज्याने मला विश्वासाने शेजारी बसवलं त्याचं मी चोरलं एवढंच आहे. तुमच्याविषयी एक अक्षर नाही. एवेलियो म्हणाला, "वेड लागलंय तुला? गाव फाडून खाईल." खाऊ दे.

फोन सोबत पाठवतो आहे. चार्ज केला आहे, तीन कार्डं खरवडून आकडे मोठ्या अक्षरात लिहून दिले आहेत, आणि कुठलं बटण केव्हा दाबायचं तेही एकाखाली एक लिहिलं आहे. दोनदा तपासलं. यापुढे तुम्हाला शेजारी कोणाला बसवायची गरज पडणार नाही. मी या रविवारी गावी येणार नाही. माफी मागत नाही, कारण मागितली तर तुम्ही भिडेखातर द्याल. पण परवा चार वाजता पार्कात जा, सर. लोक बघतील, बघू देत. ताईला सांगा की खोकला कधी नव्हताच, त्या ओस्मेलने थाप मारली. आणि पोरीला आरवून दाखवा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खाली सहीत आहे.

त्याच बाकावर, तुमच्या उजव्या हाताला,
फोन धरून बसलेला,
ओस्मेल रोहास पिनो