बळीराममामा, तुमच्या ज्येष्ठमधाबद्दल

ढाणकी,
मार्च २००६

आदरणीय बळीराममामा,

भाच्याचा सविनय जय भीम. केळापुरात तुम्ही आणि मामी खुशाल असाल, मामींचा दमा यंदा आटोक्यात असेल, तुमचा मोतीबिंदू अजून पिकला नसेल, असं धरून चालतो. मोठ्या माणसाला पत्र लिहिताना प्रकृती विचारावी ही तुमचीच शिकवण, म्हणून विचारली. आता मी रागवायला मोकळा झालो.

मामा, दिवाळीत तुम्ही थैलीभर ज्येष्ठमधाच्या काड्या आईसाठी धाडल्या. का, तर भीमजयंतीच्या गाण्यांची तालीम सुरू होणार आणि बहिणीचा घसा बसू नये! घसा बसला नाही, मामा. बाकी सगळं बसलं. तुमची एकुलती एक बहीण आणि माझी एकुलती एक आई प्रभावती, जिचं ब्लडप्रेशर इतकी वर्षं एका गोळीवर गुमान राहत होतं, तिचं ब्लडप्रेशर दिवाळीनंतर चढायला लागलं ते उतरायचं नावच घेईना. आणि मी या गावच्या सरकारी दवाखान्याचा डॉक्टर! लोक काय म्हणतील ते सोडा, मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

मी आधी मिठावर घसरलो. लोणचं बंद, पापड बंद, शेजारच्या बसंतीबाई प्रेमानं ठेचा आणून देत तो दारातूनच परत. मोनालीला म्हटलं, तुझा हात मिठाला सैल आहे. (मोनाली म्हणजे माझी बायको, तुमची भाचेसून. या वाक्यानंतर पुष्कळ दिवस ती माझ्याशी फक्त "ताट वाढलंय" एवढंच बोलली, आणि त्या ताटातही मीठ नसायचं.) मग मी यंत्रावर संशय घेतला आणि नवं यंत्र आणलं. नव्या यंत्रात आकडा आणखी वर गेला. आईचे पाय सुजले, म्हणून मी लघवी होण्याची गोळी वाढवली. वाटलं, आता जमलं. तर एका सकाळी विहारात वंदना झाली आणि आईला सतरंजीवरून उठताच येईना. पायात बळच नाही. बायांनी धरून उभं केलं, घरी आणलं. ती हसून म्हणाली, "म्हातारी झाली मी, दुसरं काय?" मामा, मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना धीर देतो, पण त्या दिवशी तिचे पाय चेपताना मला स्वतःलाच धीर देता येईना.

याच सुमारास उमरखेडला आमचं एक प्रशिक्षण निघालं. तुम्ही पेपरात वाचत असालच, कापसानं जिल्ह्याची दैना केल्यापासून आमच्यावर समित्यांचा आणि प्रशिक्षणांचा पाऊस पडून राह्यला आहे. (फवारणीतून विषबाधा झालेली माणसं खाटेवर असतात आणि आम्ही तालुक्याला बसून चहा पितो.) हे प्रशिक्षण मात्र कामाचं होतं. हाती पैसा नाही म्हणून लोक गोळ्या अर्ध्यावर सोडतात आणि जडीबुटीकडे वळतात, तेव्हा नर्सताईंना त्यातलं खरंखोटं कळावं, असा हेतू. बोलणारे डॉक्टर ऐन वेळी रजेवर गेले आणि ते जोखड माझ्या मानेवर आलं. आईचा हृदयाचा कार्डिओग्रामही उमरखेडलाच काढायचा होता, म्हणून तिला सोबत नेलं आणि मागच्या ओळीत बसवलं.

मी फार छान बोललो, मामा. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. म्हटलं, वनस्पती आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही, आणि वनस्पती आहे म्हणून फालतूही ठरत नाही. कशाचा गुण तपासून सिद्ध झाला आहे, किती घ्यायचं, किती दिवस, आणि सोबत कुठली गोळी चालू आहे, हे पाहा. पेशंट आपणहून सांगत नाही, कारण आपण खेकसतो. म्हणून न रागावता विचारा. आणि मग उदाहरण दिलं ते नेमकं ज्येष्ठमधाचं! काढ्यात चिमूटभर, दोन-चार दिवस, तर बहुतेकांना काही होत नाही. पण रोज काड्या चघळत राहिलं तर अंगात पाणी साचतं, ब्लडप्रेशर चढतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हातापायातलं बळ जातं आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात.

तेवढ्यात मागच्या ओळीतून हात वर झाला. आईचा. तिनं गालातून काहीतरी काढलं, पदराला पुसलं आणि सगळ्या सभागृहाला दिसेल असं उंच धरलं.

"राजू, मी चघळून राह्यली ते हेच का रे?"

मी म्हटलं, "आई, हे कुठून आलं? मला सांगितलं काहून नाही?"

"तू कधी पुसलं मले? गोळी घेतली का, एवढंच पुसतं तू. अन् हे दादानं धाडलं हाय. दादा काय जहर धाडीन?"

सभागृह हसलं. आमच्या जुन्या नर्स विमलताई तर डोळे पुसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते पाय आणि ती काडी दोन्ही एकदम डोळ्यांपुढे आले. व्याख्यान तिथंच टाकून आईला घेऊन निघालो. कार्डिओग्राम बिघडलेला. तसंच यवतमाळला नेलं. पोटॅशियम इतकं खाली, की तिथल्या डॉक्टरांनी तिला लगेच भरती करून घेतलं. (त्यात माझ्या लघवीच्या गोळीचाही हातभार होता, पण हे पत्र तुमच्याविषयी आहे.) सलाईन लागलं. मी खाटेशेजारी बसून नुसता मॉनिटर पाहत होतो, आणि आई शेजारच्या बाईला भीमगीत शिकवत होती.

वाचली, मामा. पायात बळ आलं, ब्लडप्रेशर हळूहळू पुन्हा एका गोळीवर आलं. पण तुम्ही! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंत, पोरांना म्हणायचात, पुराव्याशिवाय मानू नका, आणि रिटायर झाल्याबरोबर झाडपाल्यानं अपाय होतच नाही असं सोबतच्या चिठ्ठीत छातीठोक लिहून थैल्या वाटता? तिला कुठली गोळी चालू आहे, एवढं तरी विचारायचं! यापुढे तुमच्याकडून या घरात काडी येता कामा नये. इथं मी आईला चघळणं कायमचं बंद करायला लावलं आहे आणि या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा आहे.

मामींना जय भीम.

तुमचा संतप्त भाचा,
राजदीप

ता. क. मोनाली म्हणते, पत्र फार कडक झालं, मामांना लागेल. लागू दे.

ता. क. दुसरा. कायमचं बंद, असं वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. आज सकाळी तिचा गाल पुन्हा फुगलेला दिसला. म्हणते, "दादा म्हणन तर सोडीन, तुह्या म्हणण्यानं नाही." तेव्हा कृपा करून तुम्ही तिला तुमच्या टपोऱ्या अक्षरात चार ओळी लिहा, की ज्येष्ठमध बंद कर. शोध तुम्हीच लावला असं लिहा, माझी हरकत नाही. माझं नाव मात्र घेऊ नका.

ता. क. तिसरा. किंवा चिठ्ठी राहू द्या, तुम्हीच या. पांढरकवड्याला एसटीत बसताना फोन करा, मी स्टँडवर येतो. यवतमाळच्या त्या खाटेशेजारी मी एकटाच होतो, मामा, आणि सारखं वाटत होतं की तुम्ही असायला पाहिजे होतं. रागाच्या भरात हे वर लिहिता आलं नाही.