सगळ्या गल्लीचं बीपी

४ मार्च, सोमवार
आरोग्य केंद्रातली नर्सबाई सगळ्या सेविकांसमोर मला म्हणाली, तुम्ही पाठवलेल्या प्रत्येकीचं बीपी तुमच्याकडे चढलेलं आणि इथे आलं की उतरलेलं. बाकीच्या हसल्या. सरळ आहे, केंद्रातलं मशीन बिघडलंय. घरोघरी तंगडतोड मी करायची आणि अक्कल हिने शिकवायची.

५ मार्च
शिंप्याच्या सुनेकडे गेले. आठवा महिना, पाय सुजलेले. दारातूनच विचारलं, मीठ कमी केलंस का? तिने पाय पदराखाली घेतले. म्हटलं, मरायचंय का? मग पट्टा बांधला. चढलेलंच. सासू म्हणाली, ताई, तुमची चप्पल वाजली की माझंही चढतं. मी कुणावर ओरडत नाही. समजावून सांगते.

८ मार्च, शुक्रवार
शिंप्याचं दार बंद. आत शिलाई मशीन चालू होतं, मी हाक मारताच थांबलं. उत्तम. आजपासून सांगितलं तेवढंच काम. ह्यांना मी रोज म्हणायचे, तपासून घ्या. हे म्हणायचे, तुझं मशीन खोटं बोलतं. एक दिवस चहा पितापिता हे कोसळले, ते उठलेच नाहीत. कप फुटला नाही. मी त्याच कपात चहा घेते.

९ मार्च
रजा टाकायचं ठरवलं. तरी सकाळी शिंप्याच्या दारात होते. उघडलं नाही, म्हणून खिडकीतून बोलले. सगळी गल्ली ऐकत होती, म्हणजे आरोग्यशिक्षणही उरकलं.

११ मार्च, सोमवार
नर्सबाई फेरीला सोबत आली. तिला दार लगेच उघडलं. बसली, पाणी प्यायली, परकराला किती कापड लागतं ते विचारत राहिली. माझं रक्त उकळत होतं. याला काम म्हणतात? बऱ्याच वेळाने पट्टा बांधला, माझ्याच मशीनचा. खूप चढलेलं. मी म्हटलं, बघा!

सून रडायला लागली. मला म्हणाली, ‘मावशी, मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनाच चढलेलं सांगता.’

तिला तडक मोठ्या दवाखान्यात नेलं.  

१२ मार्च
सून ठीक आहे, पोटातलं बाळही. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. दार बंद कुणी ठेवलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. खाटेशेजारी बसले होते, तेवढ्यात नर्सबाईने माझ्याच दंडाला पट्टा बांधला. म्हणाली, निवांत बसा. मी निवांतच होते. आकडा बघून तिने पुन्हा बांधला. सासू वाकून बघत होती. मी सांगितलं, मशीन खोटं बोलतं. नर्सबाईने गोळ्या दिल्या आणि उद्या केंद्रात यायला सांगितलं. गोळ्या ह्यांच्या कपात ठेवल्यात.

१३ मार्च
केंद्रात गेले नाही. पाय दुखत होते. उद्यापासून गोळी नक्की.

संध्याकाळी सुनेची सासू माझ्या खिडकीशी आली. ‘ताई, मीठ कमी केलंत का? मरायचंय का?’

सगळी गल्ली ऐकत होती. मी दार उघडलं नाही.