बावचीचा लेप

अप्पा, झरीची ती बाई आपल्या मुलीला घेऊन बोरीला आपल्या ओसरीवर आली होती, त्या दिवसाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही होता तोवर धीर झाला नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता फार वर्षं झाली.

शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, त्याच सुमारास माझ्या हातावर पहिला पांढरा डाग उठला. तुम्ही हात उजेडात धरून पाहिलात आणि आईला एवढंच म्हणालात, "कोड हाय." नायटा, खरूज, वर्षानुवर्षांचं इसब घेऊन लोक पार जिंतूरहून तुमच्याकडे यायचे, आणि वैद्याच्याच घरात हे निघालं. दुसऱ्या दिवसापासून माझं दही, लोणचं, चिंच सगळं बंद. सकाळी खैराच्या सालीचा काढा, मग गोमूत्रात भिजवून वाटलेल्या बावचीच्या बियांचा लेप. पूजा उरकून, कपाळावरची विभूती अजून ओली असतानाच तुम्ही तो माझ्या हातावर लावायचात, आणि मी मागच्या अंगणात कोवळ्या उन्हात हात पसरून बसायची. "कातडीचा रोग हळू जातो. घाई करायची न्हाई," असं तुम्ही म्हणायचात, मला आणि बहुतेक स्वतःलाही.

एकदा तुम्हाला पाणी द्यायला मी ओसरीवर आले. तीन-चार मरीज बसले होते. तांब्या हातात न घेताच तुम्ही म्हणालात, "आत जा. मरीज असताना बाहेर यायचं न्हाई." आवाज चढवला नव्हता. का म्हणालात तेही मला कळलं. त्यानंतर कुणी बसलेलं असताना मी ओसरीवर पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात लेपानं हातावर फोड आले. तेव्हा तुम्ही तांब्याच्या ताटात तूप घेऊन ते पाण्यानं शंभर वेळा धुतलंत. आईला हात लावू दिला नाहीत. ते लोण्यासारखं झालेलं तूप तुम्ही माझ्या हातावर इतकं हलकं फिरवलंत की मला रडू आलं. फोड बसल्यावर लेप पुन्हा सुरू केलात, पण थोडा, आणि म्हणालात, "आता मोठी झालीस, माय. तुझी तू लाव."

पुढच्या वर्षी ती बाई आली. लेकीच्या गालावर, मानेवर डाग, आणि त्यापायी सोयरीक मोडलेली. "अप्पा, किती बी दिवस लागू द्या, पर ही बरी व्हईल एवढं सांगा," म्हणत ती रडायला लागली. मी दाराआड उभी होते. तुम्ही मला हाक मारलीत. भर ओसरीवर जवळ बसवून माझी बाही वर सारलीत.

"ही माझी लेक. तीन वर्षं झाली, दवा चालूच हाय. डाग भरले न्हाईत. खोटं कसं सांगू तुमाला?"

बाईनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि मुलीला उठवून चालू लागली. त्या दिवसानंतर तुम्ही कोडावर कुणालाच बावची दिली नाहीत. "माझ्या हातून गुण येत न्हाई," असं सांगून लोकांना परत पाठवायचात. मला मात्र तेव्हापासून कधी आत जा म्हणाला नाहीत. पुढं मी शिक्षिका झाले आणि याच हातांनी फळ्यावर लिहीत राहिले.

अप्पा, फोड बसल्यानंतर मी लेप लावतच नव्हते. तुम्ही ओसरीवर गेलात की तो मोरीत धुऊन टाकायची आणि तसाच हात उन्हात धरून बसायची. जवळजवळ वर्षभर. लावला असता तर डाग भरले असते की नाही, कुणास ठाऊक. त्या झरीच्या मुलीला गुण आला असता की नाही, तेही ठाऊक नाही. पण ती बाई उठायच्या आत मी हे सांगायला हवं होतं. तुमचा हात माझ्या पाठीवर होता, लोकांसमोर पहिल्यांदाच. बोलले तर तुम्ही तो काढून घ्याल, असं मला वाटलं.