आप्पा, तुमचं न तपासलेलं रक्त

आप्पा, थकलोय. उमरग्याच्या दवाखान्यातून आलो आणि हातपाय न धुताच हे लिहायला बसलो. आमच्या एसटी डेपोत रक्तदानाचं शिबिर होतं. मीही हात पुढं केला, आणि मग बोलावणं आलं. माझ्या रक्तात हिपॅटायटिस सीची खूण सापडली होती. पहिल्या तपासणीत एवढंच कळतं की विषाणू कधीतरी अंगात शिरला होता. तो अजून आहे का, हे दुसरी तपासणी सांगते. तोवर गाडीत घंटी मारत होतो, पण जीव टांगणीला लागला होता. आज अहवाल आला. विषाणू आहे.

डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारलं होतं, "दारू घेता?" मी चिडलोच. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला लिव्हरचा त्रास?" आणि तुम्ही समोर आलात. पिवळे डोळे, पाण्यानं फुगलेलं पोट. लोहाऱ्याकडच्या त्या लग्नात तुमची सनई मध्येच थांबते. शेजारी बसून मी नुसता सूर धरून ठेवतो, कारण काही झालं तरी सूर सोडायचा नाही ही तुमची ताकीद. मांडवात कुणीतरी म्हणतं, "लई झाली वाटतं आज." तुम्ही थेंबाला शिवला नव्हता. पण वाजंत्री म्हटला की पिणारच, हे गावानं ठरवूनच टाकलेलं.

त्यांनी वस्तऱ्याचंही विचारलं. लग्नघरी पोचलं की आधी सगळ्या ताफ्याची दाढी व्हायची, एकाच वस्तऱ्यानं. माझी पहिली दाढी तिथंच झाली, तुमच्या मागोमाग. तुरटी झोंबली तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "आता झालास वाजंत्री." मी बाईंना विचारलं, तिथूनच आलं का? "असू शकतं. सुईनंही येतो. वडिलांचं रक्त कधी तपासलंच नाही, तर खात्रीनं कसं सांगू?" आता गोळ्या निघाल्यात, काही महिने घेतल्या की बहुतेकांचा विषाणू जातो. ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मला रागच आला. तुम्हाला आम्ही कावीळ उतरवणाऱ्याकडं नेत होतो.

तुमची नात कॉम्प्युटर शिकते. नुसत्या आवाजावरून वाद्य ओळखायला ती त्याला शिकवतेय. तुमची जुनी कॅसेट ऐकवली, तर तुमची सनई त्यानं लगेच ओळखली. तुमच्या मागं धरलेल्या माझ्या सुराला मात्र पेटी म्हणाला. तुम्ही म्हणाला असता, मशीनला कळतंय की रे! तुमची फुंक त्याला कळते, पण तुमच्या रक्ताचं आता कुठल्याच मशीनला विचारता येत नाही.

घरी आल्या आल्या मायला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. तिनं सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "लोक बोलायचे तवा म्या भांडायची. पर एक डाव त्ये झोपल्यावर म्या त्येंचं तोंड हुंगलं व्हतं." तिचे हात सुपातच थांबले होते. "आता पक्कं हाय न्हवं? दारू न्हवती?"

"पक्कं हाय," मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईच म्हणल्या."

त्या तसं म्हणाल्या नव्हत्या, आप्पा. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही. पण तिकडं आल्यावर तिनं विचारलं, तर तुम्हीही तेच सांगा.